गार्सिनियाच्या गोळ्या आणि आपलं कोकम एकच का? मदत हवी आहे

मंडळी, आमच्या घरात सध्या कोकमावरून बखेडा चाललाय.

ताईने वजन उतरवायला ऑनलाइन गार्सिनियाच्या कॅप्सूल मागवल्या. डबीवर लिहिलेलं, ‘हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल ६० टक्के’. मी टोकलं तर म्हणे, "अगं, हे आपलं कोकमच. त्याने काय व्हायचंय!" दीड महिन्यात जेवणावरची वासना उडाली, सारखी मळमळ. रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, चांगलाच वाढलेला. डॉक्टरांनी कॅप्सूल तिथल्या तिथे बंद केल्या. आता आकडे उतरतायत.

पण ताईने दुसरंच टोक गाठलंय. सोलकढी बंद, आमटीत आमसूल नाही, गावाहून आलेली आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारट रसाची, बाटलीही माझ्या गळ्यात मारली.

मी वाचलं ते असं: डबीतलं गार्सिनिया कँबोजिया म्हणजे केरळात माशांच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी. आपला रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, तिचा भाऊबंद, गार्सिनिया इंडिका. हे आम्ल दोघांच्याही सालीत असतं. साखरेची चरबी करणाऱ्या एका एन्झाइमला ते अडवतं, म्हणून ते वजनाच्या गोळ्यांत आलं. प्रत्यक्षात माणसांवरच्या चाचण्यांत वजन फारसं उतरलेलं नाही, आणि अशा गोळ्यांनंतर यकृत बिघडल्याच्या नोंदी मात्र आहेत. कोकमात गार्सिनॉलही असतं, त्याचे गुण बरेच गायले जातात, पण ते बहुतेक प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर पाहिलेले. आईला यातलं काही ठाऊक नाही. अंगावर पित्त उठलं की ती आमसुलाचं पाणी चोळते, थोडं प्यायला देते, आणि तासाभरात खाज बसते.

कुणी अन्नरसायन शिकलेलं असेल तर सांगा, वाटीभर सोलकढीत दोन चमचे आगळ पडतं, त्यात हे आम्ल साधारण किती उतरत असेल? गोळीच्या जवळपास तरी जातं का? आगळात मिठाचा मारा असतो, बाबांना बीपी आहे, त्यांच्यासाठी मी सुकी आमसुलं कोमट पाण्यात भिजवून कोळते. रंग फिका येतो, चव बरी लागते. ताईलाही तसंच दिलं तर चालेल? तिच्या डॉक्टरांना विचारणारच आहे, पण त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली.

आणि ताई रविवारी जेवायला येतेय. बांगड्याच्या तिखल्यात आमसुलं घालू की कैरी शोधू?