पहिल्या एमटीबीसाठी फुल सस्पेन्शन नको

एकाने विचारलंय की पंचवीस हजारांत फुल सस्पेन्शन एमटीबी, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारी माउंटन बाइक, मिळतेय, घेऊ का? नका घेऊ. त्या किमतीत मागे नुसती स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारं काही नसतं. चढावर पॅडल मारलं की सायकल डोलते, वजन वाढतं ते वेगळंच. त्यापेक्षा डिस्क ब्रेकवाली हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) घ्या आणि हेल्मेटला पैसे ठेवा.

टेकडीवर जाण्याआधी हवा थोडी सोडा. दुकानात सवयीने टायर टणक भरून देतात, मग मुरमावर चाक गोट्यांवर ठेवल्यासारखं सरकतं. २.२ इंची ट्यूबवाल्या टायरला, साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी, २८-३० पीएसआय (पंपावर दिसणारा हवेचा दाब) पुरे. फारच कमी केलीत तर दगडावर रिम आपटून ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

उतारावर सीट खाली, दोन्ही पॅडल एका पातळीत, बूड सीटवरून उचललेलं. पुढच्या ब्रेकला उगाच घाबरतात लोक. थांबवण्याचं जास्त काम तोच करतो. फक्त वळणाआधी, हँडल सरळ असताना, एका बोटाने हळूहळू दाबायचा. भर वळणात आवळलात की आडवे झालातच! नजर लांब ठेवा, चाकापुढच्या दगडाकडे बघाल तर त्यावरच जाल.

शक्यतो पावसाळा संपल्यावर सुरू करा. शेवाळलेल्या कातळावर चांगला टायरही धरत नाही.