ट्रॅक्टर आणि पिकअपच्या डिझेलमध्ये ॲडिटिव्ह घालावे का?

प्रश्न (मोहोळ, जि. सोलापूर):
माझ्याकडे २०११ सालचा ट्रॅक्टर आणि बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) इंजिनाची पिकअप आहे. गाळप हंगाम संपला की ट्रॅक्टर पावसाळाभर जवळपास उभाच असतो आणि त्याचे डिझेल शेडमधल्या बॅरलमध्ये पडून राहते. यंदा दिवाळीनंतर ऊस वाहतुकीला काढला, तर तो दर थोड्या वेळाने बंद पडू लागला. फिल्टर उघडला तेव्हा तळाशी शेवाळासारखा काळपट, बुळबुळीत गाळ निघाला. सोलापुरातील एक दुकानदार दर टाकीला ॲडिटिव्हची (डिझेलमध्ये मिसळायच्या रसायनाची) बाटली घाला म्हणतो, तर आमचे फिटर वंगणासाठी टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) घालायला सांगतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर १ (होटगी रोड):
पिकअपमध्ये टू-टी ऑइल कृपया घालू नये. त्याची राख डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचते आणि काजळीप्रमाणे ती रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून काजळी जाळताना, जळून जात नाही. ट्रॅक्टरला डीपीएफ नाही, म्हणून तिथे ते खपून जाते, इतकेच.

उत्तर २ (अक्कलकोट रोड, एमआयडीसी):
आपण वर्णन केलेला गाळ हा डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात तिथे वाढणाऱ्या बुरशी-जिवाणूंचा आहे. म्हणजे मूळ दुखणे पाण्याचे आहे. बॅरल उभे असेल तर झाकणाभोवतीच्या कडेत पाणी साचते, आणि रात्री बॅरल थंड होऊन आतली हवा आकसली की तेच पाणी बुचाच्या आट्यांतून आत ओढले जाते. जंतुनाशक ॲडिटिव्हने ही वाढ मरते खरी, पण मेलेला गाळ फिल्टरमध्येच येऊन बसतो, म्हणून आधी टाकी आणि बॅरल धुणे भाग आहे. पाणी ‘विरघळवणारी’ बाटली पिकअपला तर मुळीच नको, कारण पाणी डिझेलमध्ये मिसळले की सेपरेटर ते वेगळे काढू शकत नाही आणि ते थेट कॉमन रेलच्या (इंजेक्टरना उच्च दाबाने डिझेल पुरवणाऱ्या यंत्रणेच्या) पंपात व इंजेक्टरमध्ये जाते.

राहिला वंगणाचा मुद्दा. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधील गंधकाची मर्यादा ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत १० भाग) आली, आणि गंधक काढताना डिझेलचे नैसर्गिक वंगणही कमी होते. मात्र ती उणीव भरून काढूनच डिझेल पंपावर येते, तेव्हा वरून बाटलीची गरज नाही. डिझेल गोठू न देणारे ॲडिटिव्ह सोलापूरच्या थंडीत कशासाठी विकतात, हे मला अद्याप उमगलेले नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. आज सकाळी बॅरलच्या तळाचे डिझेल काचेच्या बाटलीत काढून ठेवले, तर तासाभरात खाली दोन बोटे पाणी दिसले. बुचाचा वायसर गायब आहे आणि नेमका त्याच जागी शेडचा पत्रा गळतो. बॅरल आडवे केले असून टाकी उतरवून धुवायला दिली आहे. नोझलचे काम निघते का, ते फिटर उद्या सांगतील.