नेपाळची वीज स्वच्छ आहे, पण हिवाळ्यात पुरत नाही

नेपाळची जवळपास सगळी वीज पाण्यापासून होते, त्यामुळे २०४५ चं नेट झिरोचं (जेवढा कार्बन सोडला तेवढाच शोषून घेण्याचं) उद्दिष्ट त्यांना सोपं आहे, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं.

तिथले बहुतेक जलविद्युत प्रकल्प धरणाचे नाहीत. नदीला येईल तेवढ्याच पाण्यावर ते चालतात. पावसाळ्यात वीज उरते आणि भारताला विकली जाते. हिवाळ्यात नद्या आटल्या की भारताकडून विकत घ्यावी लागते, आणि त्या विजेत कोळसा आलाच. हिवाळ्यासाठी पाण्याचा मोठा साठा असलेला जुना प्रकल्प म्हणजे कुलेखानी.

शिवाय हवामान बदलाचा घाव नेमका या प्रकल्पांवरच बसतोय. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत ४५६ मेगावॉटचा अपर तामाकोशी जलविद्युत प्रकल्प बंद पडला. जुलै २०२५ मध्ये तिबेटच्या बाजूने आलेल्या हिमनदीच्या पुराने नेपाळ-चीन सीमेवरच्या रसुवागढीचा मैत्री पूल नेला, तिथल्या वीजप्रकल्पाचं नुकसान केलं, आणि सीमेवर उभ्या असलेल्या चिनी इलेक्ट्रिक गाड्याही वाहून गेल्या! जागतिक उत्सर्जनात ज्या देशाचा वाटा नगण्य आहे, त्याने हे सोसावं याचा मला मनापासून राग येतो.

तरीही इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ते आपल्यापेक्षा पुढे आहेत, हे मान्य करायलाच हवं. भारताच्या सीमेवरच्या २०१५ च्या नाकेबंदीत इंधनासाठी लागलेल्या रांगा लोक विसरलेले नाहीत, आणि पेट्रोल गाड्यांपेक्षा करही बराच कमी ठेवला गेला. स्वयंपाकाचं मात्र अजून अडलंय. शहरात भारतातून येणारा सिलिंडर, खेड्यात लाकूडफाटा. इंडक्शन शेगडी वाटून भागत नाही, संध्याकाळी सगळ्यांनी एकदम लावली तर गावातला ट्रान्सफॉर्मर तेवढा भार पेलायला हवा. पैसा आधी तिथे लागायला हवा, असं मला वाटतं.