मुंबईतील आगामी छायाचित्र प्रदर्शनांची माहिती वेळेत कशी मिळवावी? मालवणहून शाळेतील मुलांना आणायचे आहे

नमस्कार.

मालवण तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवतो. शाळा सुटल्यावर आठवी-नववीची काही मुले छायाचित्रण शिकण्यासाठी थांबतात. त्यांतील बहुतेक मुले मासेमारी करणाऱ्या घरांतली आहेत. येत्या हिवाळ्यात त्यांना मुंबईला नेऊन चांगली छायाचित्र प्रदर्शने दाखवावीत असे मनात आहे आणि त्यासाठी मुंबईतील जाणकारांची मदत हवी आहे.

मुख्य अडचण वेळेची आहे. जहांगीर आर्ट गॅलरीतील प्रदर्शने साधारणपणे मंगळवार ते सोमवार अशी आठवडाभर असतात. त्यांची बातमी आमच्यापर्यंत येते ती प्रदर्शन सुरू झाल्यावर, आणि कधी कधी तर ते उतरवल्यावर. रेल्वेचे आरक्षण मात्र साठ दिवस आधी उघडते, आणि कोकणकन्या किंवा तुतारी या गाड्यांमध्ये एका गटाला एकत्र जागा हव्या असतील तर ते उघडताच करावे लागते. म्हणजे प्रदर्शन कोणते आहे हे कळण्याच्या कितीतरी आधी आम्हाला तारीख ठरवावी लागते. एकट्या माणसाला ऐनवेळी जनरलच्या डब्यातून किंवा रातराणीने निघता येते. मुलांना घेऊन तसे करणे मला योग्य वाटत नाही.

मोबाइलवर हवी तितकी छायाचित्रे पाहता येत असताना एवढा खटाटोप कशासाठी, असे पालकांनी विचारले, आणि तो प्रश्न रास्तच आहे. माझ्यापुरते त्याचे उत्तर एका छायाचित्रात आहे. एका मुलीने रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढून झाल्यावर वाळूत पडलेल्या बांगडा माशांचे छायाचित्र सकाळच्या तिरप्या उन्हात काढले. मोबाइलच्या पडद्यावर बांगड्याच्या पाठीवरची निळी-काळी वेलबुट्टी स्पष्ट दिसत होती. तेच छायाचित्र जवळच्या शहरातून मोठे छापून आणले, तेव्हा पाठी एकसलग काळ्या झाल्या आणि पोटाकडचा रुपेरी भाग नुसता पांढरा उरला. ओल्या जाळ्याचे विणकाम तर गोळा होऊन गेले. छायाचित्र कागदावर असेच उतरते, अशी मुलांची समजूत झाली. काळ्यातही किती छटा राहू शकतात आणि पांढऱ्यातही पोत कसा टिकतो, हे त्यांनी भिंतीवर लावलेल्या, जाणकाराने छापलेल्या प्रतीसमोर उभे राहून एकदा तरी पाहिले पाहिजे. ते दाखवायला आमच्या जिल्ह्यात कायमस्वरूपी छायाचित्र दालन नाही.

मला विचारायचे ते असे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात छायाचित्रांची प्रदर्शने नक्की पाहायला मिळतील असा आठवडा कोणता धरावा? काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत मुलांना आणणे सोयीचे आहे, की गर्दीत पाहणेच राहून जाईल? दालनांचे पुढील वेळापत्रक आधी कळण्याचा काही मार्ग आहे का? आमच्या हाती दोन दिवस आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा रात्रीचा प्रवास एवढेच असेल. राहण्याची चिंता नाही. लालबागला आमच्या गावकीची खोली आहे आणि तिथली मंडळी मुलांचे सगळे आपुलकीने करतील.

प्रतिसाद (गिरगाव, मुंबई)

सर, मी मूळचा वेंगुर्ल्याचा. काळा घोडा परिसरातील दालनांत बरीच वर्षे नियमित जात आलो आहे. तुमच्या अडचणीवर उपाय आहे. जहांगीरचे दालन मिळण्यासाठी कलावंतांना कित्येक वर्षे थांबावे लागते, याचाच अर्थ कोणत्या आठवड्यात कोणते दालन कोणाला दिले आहे हे तिथल्या कार्यालयात फार आधी ठरलेले असते. उशीर होतो तो प्रसिद्धीला. म्हणून वर्तमानपत्राची वाट न पाहता शाळेच्या पत्रावर थेट दालनालाच विचारावे की अमुक आठवड्यात छायाचित्रांचे प्रदर्शन आहे का. वरच्या टेरेस गॅलरीचा उल्लेख पत्रात आवर्जून करा, कारण छायाचित्रे तिथे पुष्कळदा लागतात.

जहांगीरचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. तिथे दालन बहुधा कलावंताने स्वतः भाड्याने घेतलेले असते, त्यामुळे छायाचित्रकार बऱ्याचदा दिवसभर तिथेच बसलेला असतो. सकाळी अकराला दार उघडल्यावर पहिल्या तासाभरात फारशी वर्दळ नसते. त्या वेळी मुलांनी जाऊन, हे कोणत्या कागदावर छापले, एवढा काळा कसा राखला, असे विचारले तर बहुतेक कलावंत मनापासून सांगतात. प्रवेश विनामूल्य आहे.

आठवड्याबाबत माझे स्पष्ट मत असे की काळा घोडा महोत्सव टाळावा. 1999 पासून भरणारा हा नऊ दिवसांचा महोत्सव आता जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. तो पाहण्यासारखा असतो यात शंका नाही, पण शनिवार-रविवारी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, आणि एका चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहणे हे ज्या मुलांना शिकवायचे आहे त्यांना तिथे ढकलत पुढे नेले जाईल. त्यापेक्षा जानेवारीच्या पूर्वार्धात होणारा मुंबई गॅलरी वीकेंड पाहावा. तो गुरुवार ते रविवार असतो. कुलाबा-फोर्ट भागातील खासगी दालने त्या दिवसांत आपली निवडक प्रदर्शने लावतात, आणि त्यांत छायाचित्रे असण्याचा संभव चांगला असतो. एरवी या दालनांपैकी अनेक रविवारी आणि काही सोमवारीही बंद असतात, हे गावाहून येणाऱ्यांना ठाऊक नसते. फोकस फोटोग्राफी फेस्टिव्हल नावाचा खास छायाचित्रांचा महोत्सव 2013 मध्ये सुरू झाला आणि पुढे एका वर्षाआड मार्चमध्ये भरत असे. त्याची घोषणा झाली तर जरूर या, पण केवळ त्याच्या भरवशावर बेत आखू नका.

बुधवारी रात्री कुडाळला गाडीत बसलात की गुरुवारी पहाटे सीएसएमटी. तिथून काळा घोडा चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. जहांगीर आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय शेजारी-शेजारी आहेत, तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय समोरच आहे. या दोन संग्रहालयांतील विशेष प्रदर्शने अनेक आठवडे, कधी कधी काही महिने चालतात. बेत त्यांच्याभोवती आखावा म्हणजे जहांगीरमध्ये त्या आठवड्यात छायाचित्रे नसली तरी खेप वाया जाणार नाही.

प्रतिसाद (ठाणे)

वरील माहितीत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रातील दिलीप पिरामल आर्ट गॅलरीची भर घालतो. हे दालन छायाचित्रांसाठीच ओळखले जाते, त्यामुळे तिथे काय लागणार आहे याची चौकशी सर्वांत आधी करावी.

मी छपाईचे काम करतो, म्हणून बांगड्यांच्या छायाचित्राबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. पडदा स्वतः उजेड देतो, कागद समोरून आलेला उजेड परतवतो; कागदाची काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची मजल पडद्यापेक्षा कमी असते. म्हणून फाइल आहे तशी न छापता काळोख्या भागांना आधी थोडे उचलावे लागते आणि पांढऱ्यांना आवरावे लागते. आकाराचाही हिशेब आहे. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलची 4000 बाय 3000 ची फाइल इंचाला 300 ठिपके धरले तर साधारण 13 बाय 10 इंचांपर्यंत नीट छापता येते. त्याहून मोठी प्रत लांबून पाहायची असते, तेव्हा इंचाला 150 ठिपकेही चालतात. दालनात मुलांना प्रत्येक प्रत आधी दोन हातांवरून, मग चार पावले मागे सरून पाहायला सांगा. हा हिशेब त्यांना डोळ्यांनी कळेल. जुनी कृष्णधवल सिल्व्हर जिलेटिन प्रत (चांदीच्या क्षारांचा थर दिलेल्या कागदावर डार्करूममध्ये काढलेली) कुठे लागली असेल, तर तिच्यासमोर जास्त वेळ द्या. त्या मुलीला मूळ फाइल सोबत आणायला सांगा. ती माझ्याकडे छापून देण्याची माझी तयारी आहे, त्याचे पैसे नकोत.

धागाकर्ता

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिलेत, मनःपूर्वक आभार. जानेवारीतील गॅलरी वीकेंडचा गुरुवार आणि शुक्रवार धरून, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने परत, असे मुख्याध्यापकांपुढे मांडत आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षा तोवर आटोपलेल्या असतात आणि दहावीची मुले या गटात नाहीत, त्यामुळे शाळेची हरकत नसावी. त्या हिशेबाने नोव्हेंबरच्या पूर्वार्धात आरक्षण उघडेल. जहांगीर, एनसीपीए आणि दोन्ही संग्रहालयांना पत्रे त्याआधीच जातील.

एक शंका राहते. शुक्रवारी दुपारी मुलांना भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात न्यावे, असे वाटते. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा भाऊ दाजी तिच्याशी जोडलेले होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तर आपल्याकडील आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. त्यांचे घराणे पेडण्याजवळच्या मांद्रे भागातले, म्हणजे आमच्या शेजारचेच. मुलांना हे तिथे नेऊन सांगायला मला आवडेल. पण त्यामुळे नरिमन पॉइंट घाईत उरकावे लागेल का?

प्रतिसाद (गिरगाव, मुंबई)

घाई होईल. गुरुवारी काळा घोडा आणि खासगी दालने, शुक्रवारी उघडण्याच्या वेळेला नरिमन पॉइंट, आणि तिथून वेळ उरला तरच भायखळा, असा क्रम ठेवा. भायखळ्याचे संग्रहालय बुधवारी बंद असते, शुक्रवारी तशी अडचण नाही, आणि लालबागची खोली तिथून जवळच आहे. एनसीपीएकडे माझे जाणे-येणे असते. जानेवारीत तिथे कोणते प्रदर्शन लागणार आहे, ते ऑक्टोबरअखेर विचारून इथेच कळवतो, म्हणजे तुम्हाला आरक्षणाआधी ठरवता येईल.