आगमनकाळातला आनंद: तुमचे अनुभव लिहा

नाताळबद्दल दरवर्षी भरपूर लिहिलं जातं, पण मला त्याच्या आधीच्या चार रविवारांबद्दल, म्हणजे आगमनकाळाबद्दल ऐकायचंय. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मधे कधीतरी येतो, फादर जांभळ्या वस्त्रांत, मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) ग्लोरिया हे स्तुतिगीत नाही, आणि बाहेर दुकानांत मात्र सांताक्लॉज येऊन उभासुद्धा राहिलेला. त्या घाईत आगमनकाळ हरवतो याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण वाट बघण्यातला आनंद हा नाताळच्या आनंदापेक्षा वेगळा असतो. तुम्हाला तो कुठे सापडला? चार ओळी लिहा, पानभर लिहा, सगळं चालेल.

वसईकरीण
आमच्याकडे नाचणी! नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्यात हिरवळ पाहिजे म्हणून आई पसरट ताटलीत माती घालून नाचणी पेरायची आणि आम्ही भावंडं रोज पाणी शिंपडायला भांडायचो. नाताळपर्यंत बोटभर उंच झाली की झालं काम. गोठ्यात मेंढरं, मेंढपाळ, मरिया, योसेफ सगळे आधी यायचे पण बाळ येशू आजीच्या कपाटात, २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणी रिकामीच. कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) सिस्टरांनी सांगितलेलं की एक चांगलं काम केलं की गव्हाणीत पेंढ्याची एक काडी टाकायची, बाळाला मऊ लागलं पाहिजे ना. मग काय, न सांगता भांडी घासणं, आजोबांचा चष्मा शोधून देणं, सगळं काडीसाठी. आता माझी मुलगी हेच करते आणि काडी टाकताना तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

ड्रेस्डेनहून
इथे जर्मनीत आल्यावर मला आगमनकाळ नव्याने कळला. चार मेणबत्त्यांचं जे चक्र आपण चर्चमधे बघतो ते इथलंच, १८३९ मधे हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाचे पाद्री गरीब मुलांचं वसतिगृह चालवायचे, मुलं सारखी विचारायची नाताळ कधी, म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या आणि बाकी दिवसांच्या लहान. डिसेंबरमधे इथे चार साडेचारलाच अंधार पडतो, पहिल्या वर्षी तर मी पार कोमेजून गेले होते. शेजारच्या आजींनी पहिल्या रविवारी वर बोलवलं, एकच मेणबत्ती लावली, श्टोलनचा, म्हणजे इथल्या नाताळच्या गोड ब्रेडचा तुकडा दिला आणि माझं मोडकंतोडकं जर्मन ऐकत बसल्या. पुढच्या रविवारी दोन मेणबत्त्या. बाहेर दिवस लहान होत चाललेला आणि टेबलावर उजेड वाढत चाललेला, मला ते फार आवडलं.

रात्रपाळीवाली नर्स, पुणे
थोडक्यात लिहिते. मला कॅरल राउंडला, म्हणजे घरोघरी नाताळची गाणी म्हणत फिरायला, जायला कधीच जमत नाही, पण ड्युटी संपली की घरी येऊन त्या दिवसाचं बायबलमधल्या यशया संदेष्ट्याचं वचन मोठ्याने वाचते. तेवढ्याने दिवस उजाडतो माझा.

नाव नको
आई नोव्हेंबरमधे गेली. त्या वर्षी घरात कुसवार (नाताळचा फराळ) नाही, स्टार नाही, काहीच करायचं नाही असं ठरलेलं. तिसऱ्या रविवारी चर्चला गेलो तर गुलाबी मेणबत्ती लावलेली आणि बायबलमधल्या पौलाच्या पत्राचं वाचन, ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा; पुन्हा म्हणेन, आनंद करा.’ खरं सांगतो, आधी रागच आला, आनंद कसला करायचा? पण प्रवचनात फादर म्हणाले की पौलाने हे तुरुंगातून लिहिलंय, आणि तिथे मी रडलो, पहिल्यांदा मोकळेपणाने. दुःख गेलं नाही, पण दुःख असताना आनंद चालतो हे त्या दिवशी कळलं. घरी येऊन बहिणीला म्हटलं मैदा भिज, आणि संध्याकाळभर आम्ही कुलकुल, म्हणजे तळायचे छोटे गोड शंख वळले, आईच्याच कंगव्यावर, तो तिने फक्त कुलकुलसाठी वेगळा ठेवलेला. तेव्हापासून तिसऱ्या रविवारी कुलकुल ठरलेले.

नगरी
आमचे आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की गाव सोडायचं ते उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे आगमनकाळ सगळा फडावरच. चर्च नाही, मेणबत्त्यांचं चक्र वगैरे तर आम्ही ऐकलंसुद्धा नव्हतं. पण डिसेंबर लागला की वडील कामट्या तासून चांदणी बांधायचे, पतंगाचा कागद, पिठाची खळ, आत कंदील, आणि कोपीवर, म्हणजे आमच्या झोपडीवर, उंच काठीला टांगायची. दिवसभर ऊस तोडून हात सोललेले असायचे तरी रात्री डफ आणि टाळ घेऊन भजनं व्हायची, आजूबाजूच्या कोप्यांवरची माणसं पण येऊन बसायची, ती काही ख्रिस्ती नव्हती, पण टाळ सगळ्यांनाच धरता येतो. वडील म्हणायचे आपला देव पण घरापासून लांब, दुसऱ्याच्या गोठ्यात जन्मला, तो आपल्याला बरोबर शोधून काढतो. आता मी शहरात नोकरीला आहे, चर्च घराजवळ आहे, सगळं आहे. पण आनंद म्हटलं की मला तो फडच आठवतो, आणि चांदणी मी अजून कामट्यांचीच बांधतो. कोणाला शिकायची असेल तर विचारा, कागद चिकटवायच्या आधी सांधे दोऱ्याने घट्ट बांधायचे, नाहीतर वाऱ्याने वाकते.