कोलेस्टेरॉलची गोळी: फायदा किती, त्रास किती, हिशेब कसा मांडायचा?

वाटसरू:
वय ५४, पुरुष. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १७०. रक्तदाब अॅम्लोडिपिनवर १३४/८४. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. झटका किंवा पक्षाघात आलेला नाही. सहा महिने आहार-व्यायाम सांभाळूनही एलडीएल हललेलं नाही, म्हणून अॅटोर्वास्टॅटिन २० मिग्रॅ सांगितली आहे. मला 'हृदयाला चांगली' एवढं उत्तर नको आहे. शंभर माणसांत नक्की किती जणांना उपयोग होतो? स्नायू दुखणं खरंच गोळीमुळे आहे हे ओळखायचं कसं? आणि साखर आधीच काठावर असताना ही गोळी घ्यावी का?

खलबत्ता:
पहिल्या प्रश्नाचं उत्तर एलडीएलच्या आकड्यात नाही, तुमच्या एकूण जोखमीत आहे. स्टॅटिन, म्हणजे तुमची अॅटोर्वास्टॅटिन ज्या गटातली आहे त्या गोळ्या. स्टॅटिन यकृतातलं कोलेस्टेरॉल बनवणारं एक एन्झाइम अडवतं. यकृताला कमी पडलं की ते पेशींवर जास्त रिसेप्टर (एलडीएल पकडणारे हात) आणतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. २० मिग्रॅने एलडीएल साधारण ४० टक्के उतरतं, म्हणजे १६८ चं १०० च्या आसपास.

मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित हिशेबात एलडीएल ३९ ने उतरलं की झटका, पक्षाघात, अँजिओप्लास्टी-बायपास यांचं प्रमाण साधारण २२ टक्क्यांनी कमी होतं. तुमची उतरण जवळपास ७० ची, तेव्हा घट एक तृतीयांशाच्या घरात धरा. डॉक्टरांकडून दहा वर्षांची जोखीम काढून घ्या. ती १२ टक्के निघाली तर १२ ची ८ होईल, म्हणजे शंभरात चौघे वाचतील. ३ टक्के निघाली तर शंभरात एकच. गोळी तीच, टक्केवारी तीच, पण पदरात पडणारा फायदा चौपट वेगळा. 'एक तृतीयांश घट' एवढंच ऐकून निर्णय घेऊ नये तो यासाठी. पहिल्या वर्षात फायदा कमी दिसतो, पुढे वाढत जातो. सहा महिने घेऊन सोडणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांच्यासाठी हा हिशेब मांडायची गरजच नाही, त्यांनी घ्यायलाच हवी.

नाडीपरीक्षा:
स्नायूंबद्दल. गोळीमुळे होणारं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना सारखं असतं: मांड्या, कंबरेखालचा भाग, पोटऱ्या, खांदे. सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत येतं. एकच गुडघा, एकच खांदा, मुंग्या येणं, सांधा सुजणं याचं कारण दुसरीकडे शोधा.

२०२२ मध्ये सव्वा लाखाच्या जवळपास लोकांच्या चाचण्यांचा आढावा निघाला. स्टॅटिन घेणाऱ्यांत २७.१ टक्क्यांनी आणि नकली गोळी घेणाऱ्यांत २६.६ टक्क्यांनी स्नायूंची तक्रार केली. पहिल्या वर्षातसुद्धा दर पंधरा तक्रारींमागे एकच गोळीमुळे होती. याचा अर्थ दुखणं खोटं असतं असा मुळीच नाही. दुखतं ते खरंच दुखतं. फक्त गोळी बंद केल्याने ते जाईलच असं नाही.

म्हणून पडताळा असा घ्या, पण डॉक्टरांना सांगून. आधी सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) तपासा, आणि त्याआधी दोन-तीन दिवस जड व्यायाम नको, नाहीतर आकडा उगाच चढलेला येतो. सोबत टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करा, कारण थायरॉइड मंद असेल तर कोलेस्टेरॉलही वाढतं आणि स्नायूही दुखतात. सीके वरच्या मर्यादेच्या चौपटीच्या आत असेल तर २ ते ४ आठवडे गोळी बंद. दुखणं तसंच राहिलं तर गोळी निर्दोष. गेलं, तर पुन्हा सुरू करून परत येतं का ते पाहा. ही दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच चुकीचा निष्कर्ष कायमचा चिकटतो. परत आलं तर दुसरं स्टॅटिन कमी डोसमध्ये, उदाहरणार्थ रोसुवास्टॅटिन ५ मिग्रॅ, प्रसंगी दिवसाआड.

एक अपवाद: लघवी गडद तपकिरी झाली, अंगात उभं राहायचं बळ उरलं नाही किंवा सीके दहापटीच्या वर गेलं, तर त्याच दिवशी गोळी बंद आणि दवाखाना. फार क्वचित होतं, पण मूत्रपिंडावर बेतू शकतं.

लॅबवाली:
साखर. ६.१ असलेल्यांनी विचारायलाच हवा असा हा प्रश्न. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता थोडी वाढते, आणि ती वाढते मुख्यतः काठावरच्या लोकांत. रोसुवास्टॅटिन २० च्या ज्युपिटर चाचणीत अशाच काठावरच्यांचा वेगळा हिशेब केला गेला: ५४ नवे मधुमेही झाले, तेव्हा १३४ हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना किंवा मृत्यू टळले. निदान नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ५.४ आठवडे आधी झालं, इतकंच. साखरेच्या भीतीने गोळी नाकारणं मला पटत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी बघत राहा.

यकृतासाठी सुरू करण्याआधी एकदा एएलटी (यकृताच्या एन्झाइमची तपासणी) पुरे. वरच्या मर्यादेच्या तिप्पटीच्या वर गेलं तरच अडचण, किंचित वाढीला घाबरू नका. लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) पुन्हा ४ ते १२ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

वाटसरू:
फार स्पष्ट झालं, मनापासून आभार. लक्ष्य गाठलं नाही तर २० ची ४० करायची का?

खलबत्ता:
डोस दुप्पट केला की एलडीएल फक्त ६ टक्क्यांच्या आसपास आणखी उतरतं, त्रासाची शक्यता मात्र वाढते. त्याऐवजी २० सोबत इझेटिमाइब १० मिग्रॅ जोडली तर साधारण २० टक्के जादा उतरतं, कारण ती आतड्यातलं शोषण अडवते, म्हणजे वाट वेगळी. डॉक्टरांना हा पर्याय जरूर विचारा.

अॅटोर्वास्टॅटिन दिवसात केव्हाही चालते. रात्रीचा नियम सिम्वास्टॅटिनसारख्या, असर लवकर उतरणाऱ्या गोळ्यांचा. सिम्वास्टॅटिन असती तर तुमच्या रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनमुळे २० मिग्रॅच्या वर जाता आलं नसतं, इथे ती अडचण नाही. पण खोकल्या-तापासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर स्टॅटिन चालू असल्याचं आधी सांगा. ते अॅटोर्वास्टॅटिनचं विघटन अडवतं, रक्तातलं प्रमाण चढतं आणि स्नायूंना इजा होऊ शकते. अशा वेळी दुसरं अँटिबायोटिक घेतात किंवा तेवढे दिवस स्टॅटिन थांबवतात. थांबवली असेल तर ती परत सुरू करायची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. कोर्स संपतो आणि गोळी तशीच बंद राहते, मग चार आठवड्यांत एलडीएल पुन्हा १६८ वर.