विषय: पियानो – शनिवारी दुकानात जायचंय, शुक्रवारपर्यंत बोला

कार्यक्रम समितीकडून, सोमवार रात्र

मंडळी,
घासाघीस करून दोनच उरलेत. वापरलेला रोलंड एफपी-१० किंवा नवा एफपी-३०एक्स, दोन्ही डिजिटल पियानो. दोन्ही एकाच दुकानात आहेत, शनिवारी सकाळी वाजवून बघता येतील. किमतीतला फरक खजिनदारांनी आधीच दोनदा ऐकवलाय. "दोन्ही चांगले आहेत" हे उत्तर चालणार नाही. आणि गणपतीत आला तसा डब्यातून आल्यासारखा आवाज दिवाळी पहाटेला नको. तो पियानो ज्यांचा होता त्यांनी मनाला लावून घेऊ नये.

---

साउंडवाल्यांकडून, सोमवार रात्र

गणपतीत पियानोचा दोष नव्हता, वायरचा होता. आता लेखीच सांगतो.

हेडफोनच्या भोकात स्टिरिओ वायर लावून तिचं दुसरं टोक मिक्सरच्या एका बॅलन्स्ड इनपुटमध्ये घातलं होतं. हेडफोनच्या पिनेवर टोकाला डावा आवाज असतो आणि मधल्या कड्यावर उजवा. बॅलन्स्ड इनपुट मात्र टोकाच्या सिग्नलमधून कड्याचा सिग्नल वजा करतं. कामच ते त्याचं, वायरीत शिरलेली खरखर अशीच जाते. म्हणजे डाव्यातून उजवा वजा झाला. दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं गेलं, मधल्या सप्तकाचा गाभा गेला, आणि उरली ती घुमारी. म्हणून डबा.

आता मुद्दा. एफपी-१० ला लाइन आउट, म्हणजे मिक्सरला जोडायचं वेगळं भोक, नाही. बाहेर यायला एकच वाट, छोटं हेडफोनचं भोक. एफपी-३०एक्सला मागे डावं आणि उजवं अशी दोन वेगळी ६.३ मिमीची भोकं आहेत. माझं मत ३०एक्स.

---

पियानो शिकवणाऱ्या ताईंकडून, मंगळवार सकाळ

भोकावरून पियानो निवडायचा असेल तर मग टोस्टरही चालेल!

दोन्हींत कळफलक एकच आहे, पीएचए-४ स्टँडर्ड. हळू दाबली की तळाजवळ जी बारीकशी खाच लागते ती दोन्हींत आहे, पट्ट्यांना हस्तिदंतासारखा खरखरीतपणाही दोन्हींत. बोटाला फरक कळायचं कारण नाही. फरक आहे तो स्पीकर (१० ला ६ वॉटचे दोन, ३०एक्सला ११ चे दोन), पॉलिफनी, म्हणजे एका वेळी किती सूर वाजू शकतात (९६ आणि २५६), आणि वर म्हटलेलं भोक. भावगीताच्या साथीला ९६ पुरतात. पेडल दाबून ठेवून खालपासून वरपर्यंत हात फिरवला आणि आधी धरलेला खर्ज मध्येच गळाला, तर समजायचं संख्या संपली. शनिवारी हेही करून बघू.

फक्त १० वापरलेला आहे, म्हणून आधी कळफलक तपासायला हवा. येताना प्रत्येकाने खिशात निकल, म्हणजे अमेरिकन पाच सेंटची नाणी, आणावीत. निकल बरोबर ५ ग्रॅमचा असतो आणि पांढऱ्या पट्टीवर रुंदीला बसतो. पाचपाचाच्या चळती चिकटपट्टीने बांधून आणा, काही सुटेही. पियानो बंद ठेवून पट्टीच्या पुढच्या कडेवर चळत अलगद ठेवायची, ठोकायची नाही. कितव्या नाण्याला पट्टी हलते ते मोजायचं. लाकडी पियानोत मध्यावर साधारण ५० ग्रॅम, म्हणजे दहा नाणी. डिजिटलमध्ये दोनचार जास्त लागली तरी घाबरू नका. खर्जाकडे आकडा चढायला हवा आणि तारेकडे उतरायला हवा. शेजारशेजारच्या पट्ट्यांत तीनचार नाण्यांचा फरक आला तर आत काहीतरी घासतंय.

मग तीच चळत १० सेंमी आत, काळ्या पट्ट्यांच्या मधे ठेवा. पट्टीचा टेकू पुढच्या कडेपासून २४ सेंमीवर असेल तर १.७ पट वजन लागतं, १८ वर असेल तर सव्वादोन पट. टेकू जवळ असलेल्या पियानोवर काळ्यांमध्ये घुसून स्वर हलका वाजवणं जिवावर येतं, म्हणूनच पातळ सुटसुटीत मॉडेलांवर माझी मर्जी नाही.

---

पेटीवाले काकांकडून, मंगळवार दुपार

ताई, निकलचं ठीक. पण वाजवणारे मुख्यतः पेटीवाले आहेत हे विसरू नका. पेटीची पट्टी हलकी आणि आवाजाचा लहानमोठेपणा भात्यात. पियानोचा आवाज बोटाच्या वेगावर. त्यामुळे पेटीचा हात पियानोवर आला की एक सूर धाडकन, दुसरा ऐकूच येत नाही. टच (बोटाच्या वेगाला किती आवाज, ते ठरवणारं सेटिंग) "फिक्स्ड" करा, विषय संपला.

---

ताईंकडून, मंगळवार दुपार

फिक्स्ड केलं की प्रत्येक सूर एकाच ताकदीने पडतो, मग वजनदार पट्ट्यांचे पैसे कशाला? "हलका" टच लावा. कमी वेगालाही पुरेसा आवाज मिळतो आणि चढउतारही राहतात. "जड" मुळीच नको, त्यात पेटीवाल्यांचा आवाज कायम दबलेला राहील.

---

काकांकडून, मंगळवार संध्याकाळ

हलका. ठीक आहे.

दुसरं म्हणजे ट्रान्सपोज, बटणाने सगळी पट्टी वरखाली सरकवणं. मागच्या वेळी कुणीतरी ते लावून ठेवलं, गायिका काळी ५ मध्ये आणि पियानो भलत्याच पट्टीत. ट्रान्सपोज वापरायचं नाही, काळी ५ मधून वाजवता येत नसेल तर बसू नये.

---

साउंडवाल्यांकडून, मंगळवार रात्र

ट्रान्सपोज ठेवा किंवा नको, चालू केल्या केल्या पांढरी १ वाजवून तंबोरा अॅपशी जुळवा, पाच सेकंदांचं काम. मी भोकाकडे परत येतो.

एफपी-१० घेतलाच तर वाट आहे. ३.५ मिमी स्टिरिओवरून दोन वेगळ्या ६.३ मिमी मोनो पिना निघतात ती वाय वायर घ्या, दोन्ही पिना स्टिरिओ डीआय बॉक्समध्ये (वाद्याचा सिग्नल मिक्सरला बॅलन्स्ड करून देणारी डबी), तिथून दोन एक्सएलआर, म्हणजे माइकच्या तीन पिनांच्या वायरी, मिक्सरच्या दोन चॅनलना. पियानोचा आवाज पाऊण ठेवा, बाकी मिक्सरच्या गेनवर (आत येणारा सिग्नल वाढवायचं बटण). पियानो कमी ठेवून गेन चढवला की खसखस वर येते, पियानो पूर्ण ठेवला की फाटतो.

गैरसोय दोन. हेडफोनच्या भोकात काही घातलं की पियानोचे स्वतःचे स्पीकर सहसा गप्प होतात. म्हणजे वाजवणाऱ्याला मॉनिटर (स्टेजवर स्वतःचं ऐकायचा स्पीकर) लागणार, आणि आपला दुसरा मॉनिटर गायकांनी बळकावलेला असतो. शिवाय ती छोटी पीन कुणाचा पाय वायरीत अडकला की निघते.

आणि एक, दोन्हींना लागू. कार्यक्रमाचा हॉल म्हणजे शाळेचा कॅफेटेरिया, तिथली यंत्रणा मोनो आहे, डावा-उजवा वेगळा नाही. पियानोचे नमुने, म्हणजे आत भरलेले खऱ्या पियानोचे आवाज, दोन माइकने घेतलेले असतात, दोन्ही आवाज एकत्र केले की काही सूर एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. दुकानात पियानोसमोर बसून हे कधीच ऐकू येणार नाही. म्हणून शनिवारी माझा छोटा मिक्सर आणि एक स्पीकर आणतो. दोन्ही चॅनल मध्यावर आणून ऐकायचं, मग फक्त डावा ऐकायचा. डावा एकटा बरा वाटला तर हॉलमध्ये तोच वापरू. खर्ज थोडा जास्त येईल, तो मिक्सरवर उतरवता येतो.

---

खजिनदारांकडून, बुधवार

वाय वायर आणि डीआय बॉक्स धरूनही १० स्वस्तच पडतो. वजन १२.३ किलो, ३०एक्स १४.८. कपाटातून ओढणारे आपण पन्नाशीचे आहोत.

डीआय मंडळाकडे आहे का? नाट्यसंगीताच्या रात्री कुणाच्या गाडीत गेला?

---

साउंडवाल्यांकडून, बुधवार

माझ्याकडे आहे. मंडळाचा नाही, माझा आहे.

---

ताईंकडून, बुधवार

पेडलचंही बघा. दुकानदार सोबत चौकोनी डबीसारखं देतात, ते फक्त चालू किंवा बंद. अर्ध्या दाबाला अर्धी घुमारी हवी तर डीपी-१०सारखं पेडल लागेल, त्याच्या मागचं बटण "कंटिन्युअस"वर हवं. दुसऱ्या कंपनीचं पेडल लावलं तर उलटं चालू शकतं, पाय उचलला की घुमतं. पियानो चालू करताना पाय पेडलवर ठेवला तरी काहींत असंच होतं. बंद करून पाय काढून परत चालू करायचा, पियानो बिघडला म्हणून ओरडायचं नाही.

आवाजासाठी शनिवारी एवढंच. मधली पांढरी १ आवाज न होऊ देता दाबून धरा, खालच्या सप्तकातली पांढरी १ टचकन वाजवून सोडा. दाबून धरलेला वरचा सूर आपोआप गुणगुणला पाहिजे. मग सगळ्यात खालची पट्टी जोरात वाजवून धरून ठेवा. स्वर विझताना त्याचा रंग बदलत जायला हवा, तेच तेच वळण फिरून आलं तर नमुना छोटा आहे. शेवटी एकच सूर अगदी हळूपासून जोरात दहाबारा वेळा. मध्येच पायरी लागता कामा नये.

---

काकांकडून, गुरुवार

माझी पेटी ४४० हर्ट्झला (पांढरी ६ चं नेहमीचं माप) नाही, थोडी वर आहे. पेटी स्टेजवर हलवता येत नाही, पियानोलाच यावं लागेल.

---

साउंडवाल्यांकडून, गुरुवार

येईल. ४१५.३ ते ४६६.२ हर्ट्झपर्यंत हलतो. पेटीचा एकच स्वरसंच उघडा ठेवा, भाता सारखा, आणि ४४० च्या आसपासची पांढरी ६ दोन्हीकडे धरा. आवाज लाटेसारखा वरखाली होतो ते ठोके, सेकंदाला दोन पडले तर दोन हर्ट्झचा फरक. ठोके थांबेपर्यंत पियानो चढवा. आकडा पेटीच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी हा खेळ नको.

---

कार्यक्रम समितीकडून, गुरुवार रात्र

ठरलं असं धरते. नाण्यांत आणि मोनोत १० पास झाला तर १०, शेजारच्या पट्ट्यांत फरक निघाला तर ३०एक्स. निकल ताईंकडे जमा करा, परत मिळतील. साडेदहाला दुकानासमोर. साउंडवाले, डीआय बॉक्स आणा, वर नाव लिहून.

---

खजिनदारांकडून, गुरुवार रात्र

पावती मंडळाच्या नावाने.